ही चैन आम्हाला परवडलीच पाहिजे

"चित्रांची ती मोठाली, गुळगुळीत कागदावरची, हजार-दोन हजार रुपयांची पुस्तके म्हणजे श्रीमंतांची चैन!" हे वाक्य मी गेली तीस वर्षे ऐकत आलो आहे. ते म्हणणारे लोक अडाणी नसतात. पदवीधर असतात, वर्गणीदार असतात, साहित्य संमेलनात पहिल्या रांगेत बसणारे असतात. कथा-कादंबरीचे पुस्तक त्यांना चालते, चरित्र चालते, आध्यात्मिक तर फारच चालते. पण चित्राचे पुस्तक म्हटले की त्यांच्या कपाळाला आठी पडते. या आठीशी मला भांडायचे आहे. आणि ते जोयडा तालुक्यात बसून भांडायचे आहे, कारण या प्रश्नाचे खरे मोल मुंबई-पुण्यात कळत नाही. ज्याला जहांगीर आर्ट गॅलरी बसच्या तिकिटात दिसते त्याने चित्रांचे पुस्तक घेतले नाही तरी त्याचे भागते. आमचे भागत नाही.

आधी आमचा भूगोल सांगतो. काळी नदी आमच्या तालुक्यात उगम पावते. तिच्यावरचे सुप्याचे धरण 1987 साली पूर्ण झाले आणि ज्या गावाच्या नावाने हा तालुका ओळखला जाई ते सुपा गावच पाण्याखाली गेले. शेजारी दांडेलीला कागदाची गिरणी आहे. 1955 साली ती कंपनी स्थापन झाली आणि पुढे अनेक वर्षे या रानातला बांबू तिच्या पोटात गेला. म्हणजे आमच्या पाण्यावर वीज झाली, आमच्या बांबूवर कागद झाला. तो कागद देशभर गेला, त्यावर पुस्तके छापली गेली. आता त्यातले एखादे देखणे पुस्तक परत या रानात आले, तर ती चैन कशी होते? माझ्या हिशेबाने ती जुन्या येण्याची वसुली आहे, आणि तीही फार थोडी.

आता आक्षेप एकेक करून घेऊ.

पहिला आक्षेप किमतीचा. चित्रांचे पुस्तक महाग असते हे खरे आहे, पण ते का महाग असते हे आक्षेप घेणाऱ्यांनी कधी विचारले आहे काय? साध्या कागदावर शाई पसरते आणि रंग मरतो. म्हणून कागदाला चिनी मातीचा बारीक थर द्यावा लागतो. मूळ चित्राचे चार रंगांत पृथक्करण करावे लागते : निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. चारही छाप एकमेकांवर अचूक बसावे लागतात. केसाएवढा फरक पडला तर अजिंठ्याच्या पद्मपाणीचा ओठ गालावर जातो. एवढे करून प्रती निघणार पाचशे किंवा हजार. कादंबरीच्या आवृत्त्यांसारखा खर्च वाटून घ्यायला गिऱ्हाईक नाही. परदेशी पुस्तक घ्यावे तर त्यावर 2019 च्या अर्थसंकल्पाने पाच टक्के आयातशुल्क बसवले. तेव्हा किंमत ही प्रकाशकाची लूट नसते. त्यात कारागिराची मजुरी असते आणि आपल्या उदासीनतेचा दंडही असतो. आपण घेत नाही म्हणून प्रती कमी निघतात, प्रती कमी निघतात म्हणून पुस्तक महाग होते, आणि महाग आहे म्हणून आपण घेत नाही.

आणि रंगीत छपाई आम्हाला परवडत नाही हे म्हणणे कोणी ऐकावे? आज आमच्या कुठल्याही गावच्या तिठ्यावर उभे राहा. वाढदिवसाचा फलक, निवडीचा फलक, जत्रेचा फलक, श्रद्धांजलीचा फलक. सगळे चाररंगी. माणसाच्या उंचीपेक्षा मोठे चेहरे, खाली तीस-चाळीस शुभेच्छुकांचे अंगठ्याएवढे चेहरे. आठ दिवसांनी तोच फलक गोठ्याच्या छपरावर पावसाची सर अडवायला जातो. रंगीत छपाईवर पैसा खर्च करायचा नाही असा काही आपला बाणा नाही. फक्त तो पैसा आपण स्वतःच्या तोंडवळ्यावर खर्च करतो. वर्षाला असे दोन फलक कमी लागले तर त्या गावच्या शाळेत रेंब्रांट येऊ शकतो.

काही वर्षांपूर्वी एका सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथखरेदीच्या बैठकीला मला सल्ला देण्यासाठी बोलावले होते. वाचनालयाचे नाव सांगत नाही. यादीत मी अजिंठ्याच्या चित्रांचा एक ग्रंथ सुचवला. एक सभासद म्हणाले, "सर, एवढ्या पैशात स्पर्धा परीक्षेची दहा पुस्तके येतील. पोरांच्या पोटाचं बघू या." अजिंठा यादीतून गेला. पोटाचा मुद्दा काढला की समोरचा माणूस गप्प बसतो, हे अशा बैठकांतले जुने हत्यार आहे. मी गप्प बसलो नाही, पण मते मोजली गेली. स्पर्धा परीक्षेची पुस्तके आली, अभ्यासक्रम बदलताच दोन वर्षांत ती रद्दी झाली. अजिंठ्याचा अभ्यासक्रम दीड-दोन हजार वर्षांत बदललेला नाही. कर्नाटकात 1965 च्या कायद्यापासून आपण घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर भरतो. तो कर पोटार्थी पुस्तकांसाठीच आहे, डोळ्यांसाठी नाही, असे त्या कायद्यात कुठे लिहिलेले नाही.

दुसरा आक्षेप अलीकडचा. "आता मोबाईलवर सगळी चित्रे फुकट दिसतात, मग पुस्तक कशाला?" आमच्या तालुक्यात मोबाईलचा सिग्नल शोधायला माणसे टेकडीवर चढतात, हे उत्तर पुरेसे आहे. पण उद्या प्रत्येक पाड्यावर टॉवर उभा राहिला तरी माझा मुद्दा राहतोच. मोबाईलवर सगळी चित्रे तळहाताएवढी असतात. लिओनार्दोची मोनालिसा तळहाताएवढी आणि पिकासोचे गेर्निका हे चित्रही तळहाताएवढे. चांगल्या पुस्तकात चित्राखाली त्याची लांबी-रुंदी दिलेली असते. तेवढ्या एका ओळीवर मी एक तास शिकवू शकतो. मोनालिसा 77 सेंटिमीटर उंच आणि 53 सेंटिमीटर रुंद. मुलांनी पट्टीने मोजून अंगणात चुन्याने चौकट काढली आणि ती म्हणाली, "सर, हे तर आमच्या खिडकीपेक्षा लहान!" मग गेर्निका काढले. उंची सुमारे साडेतीन मीटर, लांबी पावणेआठ मीटर. एका वर्गाची भिंत त्याला पुरेना. 1937 साली स्पेनमधल्या एका गावावर विमानांतून बॉम्ब पडले आणि त्या रागाने माणसाने केवढे चित्र काढले, हे त्या मुलांना पायांनी चालून कळले. पुस्तकातले चित्रही लहानच असते, हे मान्य. पण पुस्तक आपला लहानपणा कबूल करते आणि मूळ आकार सांगून ठेवते. शिवाय ते थांबते. मोबाईलवरचे चित्र बोटाखालून सरकते आणि त्याच्या मागे कोणाचे तरी लग्न, कोणाचा तरी नाच हजर असतो. पुस्तकातले पान तुम्ही उलटेपर्यंत उलटत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत मानभावी. "ही आपली परंपरा नाही. चित्रसंग्रह हा साहेबांचा आणि संस्थानिकांचा शौक." या आक्षेपाला उत्तर द्यायला मला आमच्या शेजारच्या सिंधुदुर्गापलीकडे जावे लागत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातले ठाकर समाजाचे लोक पिढ्यान् पिढ्या चित्रकथी सादर करत आले. हाताने रंगवलेली रामायण-महाभारताची चित्रे, कथेच्या क्रमाने लावलेली, कापडात बांधलेली. त्या गठ्ठ्याला ते पोथी म्हणतात. देवळात दिव्याच्या उजेडात एकेक चित्र पुढे धरायचे आणि कथा गायची. ही माणसे संस्थानिक नव्हती. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरात दोन वेळचे अन्न कठीण असेल, पण चित्रांची पोथी त्यांनी विकली नाही, जपली. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. चित्रांचे पुस्तक पानापानाने उलगडून गावाला दाखवणे ही गोष्ट आपल्याकडे गरिबातल्या गरीब माणसाने केलेली आहे. साहेबाचे नाव मध्ये आणण्याचे कारण नाही.

आणि संस्थानिकांचे म्हणाल तर एकाचे नाव अभिमानाने घेतो. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. संस्थान केवढे, तर नकाशावर बोट ठेवले की झाकून जाईल एवढे. पण या राजाने स्वतः चित्रे काढली, 1916 साली चित्र-रामायण छापून काढले, वेरूळ आणि अजिंठ्यावर सचित्र पुस्तके लिहिली, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी चित्रे दिली, आणि 1938 साली औंधला संग्रहालय उघडले. त्याच राजाने 1939 साली आपला अधिकार सोडून प्रजेला स्वराज्याची घटना दिली. सुंदर पुस्तकाचा शौक आणि सामान्य माणसाची कदर यांचे वैर असते, असे ज्यांना वाटते त्यांनी औंधचा हा इतिहास एकदा वाचावा.

इथे एक गोष्ट निक्षून सांगतो. छापलेले चित्र ही नुसती नक्कल, असे नाक मुरडून म्हणणारे काही कलावंतही असतात. त्यांच्यासाठी अजिंठ्याचीच हकीकत. 1844 पासून रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने लेण्यांत बसून मोठमोठ्या कापडांवर चित्रांच्या प्रती केल्या. 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग 1872 पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्सने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा केले. 1885 च्या आगीत त्यांच्याही पुष्कळ प्रती गेल्या. पण ग्रिफिथ्सने 1896-97 मध्ये दोन खंडांत ते काम छापले होते. पुढे 1930 ते 1955 या काळात गुलाम याझदानी यांनी चार भागांत अजिंठा छापला. लेण्यांतली मूळ चित्रे दरम्यान झिजत, पोपडे धरत राहिली. कापडे जळाली, भिंती झिजल्या, पुस्तके मात्र राहिली. आज एखाद्या भिंतीवर पूर्वी काय होते हे पाहायचे तर अभ्यासक ते जुने खंड उघडतात. पुस्तक ही त्या चित्राची साक्ष आहे. मूळ गेल्यावर साक्षीदाराला नक्कल म्हणून हिणवता येत नाही.

आणि साक्षीदार नसला म्हणजे काय होते? गोवा, सिंधुदुर्ग आणि उत्तर कन्नडच्या किनाऱ्यावरच्या जुन्या देवळांत कावीची कला होती. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या काव रंगाचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच लोखंडी टोचणीने खरवडून आतला पांढरा रंग बाहेर काढायचा. वेलबुट्टी, हत्ती, गणपती, दशावतार. होन्नावरचे कृष्णानंद कामत यांनी ही कला फिरून फिरून पाहिली, तिची छायाचित्रे घेतली, तिच्याविषयी लिहिले. 2002 साली ते गेले. पण जीर्णोद्धार मात्र जोरात चालू आहे. देवस्थान समितीला तैलरंग हवा, लादी हवी, संगमरवरावर देणगीदारांची नावे हवीत. ज्या गावाने आपल्या देवळाच्या भिंतीचे चित्र कधी देखण्या पुस्तकात पाहिले असेल, ते गाव त्या भिंतीवर रंगाचा डबा ओतताना चार वेळा विचार करील. ज्याने पाहिले नाही त्याला ती जुनाट, कळकट भिंत वाटणार. सुपा गाव बुडाले. त्या गावाच्या गल्ल्या, ओसऱ्या, देऊळ, बाजार यांचा एखादा चांगला चित्रग्रंथ माझ्या तरी पाहण्यात नाही. आमच्या वर्गातल्या मुलांना आपल्या आजोळाचा तालुका कसा दिसत होता हे दाखवायला माझ्या हातात काही नाही. पुरस्कारांच्या आणि सत्कारांच्या स्मरणिका मात्र कपाटभर आहेत.

आता सुखाविषयी. एवढा वाद घातल्यावर मूळ गोष्ट राहून जायला नको. मी ही पुस्तके कर्तव्य म्हणून घेत नाही, आनंद होतो म्हणून घेतो. 1990 नंतरच्या त्या वर्षांत मी धारवाडला शिकत होतो. सोव्हिएत संघ 1991 साली मोडला आणि लेनिनग्राडच्या ऑरोरा प्रकाशनाची उरलेली चित्रपुस्तके इकडे रस्त्याकडेला मातीमोलाने मिळू लागली. हर्मिटेज संग्रहालयातली चित्रे मी खानावळीच्या अर्ध्या महिन्याच्या पैशात घरी आणली. मुंबईला गेलो की स्ट्रँड बुक स्टॉल. टी. एन. शानभागांनी 1948 साली सुरू केलेले ते दुकान सवलतीने पुस्तके देई आणि घेण्याची ऐपत नसलेल्यालाही चाळू देई. 2018 साली ते बंद झाले तेव्हा एखादे तीर्थक्षेत्र बुडाल्यासारखे वाटले. मग 'मार्ग'चे जुने अंक, ललित कला अकादमीच्या अगदी स्वस्त पुस्तिका, प्रभाकर बरव्यांचे 'कोरा कॅनव्हास', बेळगावात जन्मलेल्या रवी परांजप्यांची पुस्तके. जिल्दीचा वास, चित्रावरचा झिरझिरीत कागद उचलताना होणारी ती बारीक सळसळ, मांडीला लागणारे वजन. रात्री कंदिलाच्या उजेडात पाहिलेला पिवळा रंग सकाळी उन्हात निराळाच निघतो आणि एकाच पुस्तकात दोन पुस्तके मिळतात. हे सुख ज्याने घेतले त्याला किंमत विचारू नये.

जोयड्याच्या पावसात ही पुस्तके सांभाळणे हीसुद्धा एक साधना आहे. चिनी मातीचा थर दिलेली पाने ओलसर झाली की एकमेकांना अशी चिकटतात की सोडवताना रंगच सुटून येतो. म्हणून ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत पुस्तके चुलीच्या भिंतीलगतच्या कपाटात, मध्ये वेखंडाचे तुकडे आणि सुका कडुलिंब. आठवड्यातून एकदा प्रत्येक पान उलटायचेच. वाळवीला आणि कसरीला उघडलेले पुस्तक आवडत नाही. दिवाळीच्या सुमाराला ऊन पडले की सावलीत वारा द्यायचा. पाऊस असा दर आठवड्याला आपल्याला पुस्तक उघडायला लावतो, हे त्याचे उपकारच.

म्हणूनच माझे भांडण दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही आहे. चित्रांचे पुस्तक घेऊन काचेच्या कपाटात कुलूपबंद करणारे, सोफ्याच्या रंगाला शोभेल असे पुस्तक निवडणारे, "याची किंमत आता दुप्पट झाली बरं का!" असे सांगणारे. त्यांच्या घरच्या टिपॉयवर पुस्तक असते, पण त्यावर चहाची बशी ठेवू नका एवढेच त्या पुस्तकाविषयी त्यांना सांगता येते. चैन हा शब्द वापरायचाच असेल तर तो यांच्यासाठी वापरा. पुस्तकाचा कोपरा दुमडला म्हणून मुलाच्या हातावर चापट मारणारा माणूस पुस्तकाचा मालक असेल, वाचक नव्हे.

सीमाभागातल्या आपल्या घरांना मला विशेष सांगायचे आहे. 1956 पासून आपण भाषेसाठी खूप भांडलो. पाट्यांसाठी, कागदपत्रांसाठी, शाळांसाठी. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या भांडणाचे मोल मी कमी लेखत नाही. पण आमच्या हायस्कुलाच्या व्हरांड्यात एक उतरते मेज आहे. त्यावर एक चित्रग्रंथ उघडा ठेवतो आणि रोज एक पान उलटतो. त्याभोवती मराठी, कन्नड आणि कोंकणी घरांतली मुले डोकी एकत्र करून उभी राहतात. एक म्हणतो हिरवा, दुसरी म्हणते पाचवो, तिसरा म्हणतो हसिरु, आणि मग तिघेही बोट लावून म्हणतात, "पण हा हिरवा नाहीच, हा आपल्या रानातला पावसाळ्यातला आहे." भाषा हरवत नाही, उलट प्रत्येकाला आपला शब्द नेमका करावा लागतो. दुभाषी जिल्ह्यात सर्वांनी मिळून वाचावे असे पुस्तक कोणते, या प्रश्नाला माझ्याजवळ याहून चांगले उत्तर नाही.

मराठीत असे ग्रंथ होत नाहीत ही सबबही आता चालणार नाही. 2013 साली शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड निघाला. गायतोंड्यांवर 'चिन्ह'ने 2016 साली मोठा मराठी ग्रंथ काढला. करणारे करतात, घेणारे कुठे आहेत?

दिवाळी अंकांनाही हा हिशेब चुकत नाही. 1909 च्या 'मनोरंजन'च्या पहिल्या दिवाळी अंकापासून चित्र हा या अंकांचा प्राण होता. 1945 साली 'दीपावली' सुरू करणारे दीनानाथ दलाल मडगावचे, मुळगावकर अस्नोड्याचे. आमच्या कॅसलरॉकचा घाट उतरला की त्यांचा मुलूख. त्यांची रंगीत पाने कापून लोकांनी चौकटीत बसवली. ज्यांना चित्रांचा ग्रंथ परवडत नव्हता त्यांचा तोच चित्रग्रंथ होता. आज अंकातली गुळगुळीत पाने चाळून पाहा. सोन्याची पेढी, पतसंस्था, सळई आणि सिमेंट. हा लेख छापणाऱ्या संपादकांनाही माझी विनंती आहे : पुढच्या वर्षी एक गुळगुळीत पान जाहिरातदाराकडून सोडवून घ्या. त्यावर आपल्या जिल्ह्यातले एक चित्र, एक कावीची भिंत, एक चित्रकथीचे पान छापा, आणि खाली मराठीत व कन्नडात दोन ओळी द्या.

वाचकांकडे मागणे याहून लहान आहे. दर घराने वर्षाला एक चित्रग्रंथ घ्यावा. एकट्याला जड जात असेल तर दोन घरांनी मिळून घ्यावा, सहा-सहा महिने ठेवावा. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांना शाल-श्रीफळ देण्याऐवजी शाळेला एक चित्रग्रंथ द्यावा. आणि तो ग्रंथ कुलपात नव्हे, जिथे मुलांचा हात पोहोचतो तिथे ठेवावा. पाने मळतील, कोपरे दुमडतील, एखादे पान फाटेलही. फाटू द्या. मुख्याध्यापक म्हणून सांगतो, शाळेच्या कपाटात पंचवीस वर्षे कोरे राहिलेले पुस्तक पाहिले की मला जास्त वाईट वाटते.